राहिलेल्याला माफी, निघालेल्याला शिक्षा

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘पाहुण्यांचा व्हिसा, उलटलेली मुदत आणि विवाहावरून मिळणारे ग्रीन कार्ड’ असा छापला आहे. तो मीच सुचवला असल्यामुळे तो रुक्ष असल्याची तक्रार मला करता येत नाही. प्रारंभीच सांगितले पाहिजे, की मी वकील नाही. न्यू जर्सीतील एका वकिलांच्या कार्यालयात मी बावीस वर्षे कागदपत्रे जुळवण्याचे काम केले, आणि ज्यांचे कागद जुळले त्यांच्यापेक्षा ज्यांचे जुळले नाहीत अशीच माणसे माझ्या अधिक लक्षात राहिली. तेव्हा माझे ऐकून कोणीही परस्पर अर्ज भरू नये, आणि विमानाचे तिकीट तर मुळीच काढू नये. तिकिटाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे.

आपल्याकडे अमेरिकेचा बी-२, म्हणजे पाहुण्यांचा, व्हिसा मिळाला, की ‘दहा वर्षांचा मिळाला’ असे पेढे देऊन सांगतात. वास्तविक पासपोर्टवरचा तो शिक्का म्हणजे दहा वर्षांत केव्हाही येऊन दार ठोठावण्याची मुभा आहे. आत किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने दिलेली तारीख, बहुधा सहा महिन्यांनंतरची, आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी ही नोंद पासपोर्टात टाचलेल्या लहानशा कार्डावर असे, त्यामुळे ती निदान हाताला तरी लागत असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद संगणकावर गेली आणि आपल्या बहुतेक पाहुण्यांच्या दृष्टीने ती अस्तित्वातच राहिली नाही. नातवाच्या बारशाला आलेल्या एका आजीबाईंची मुदत उलटून दोन महिने झाले होते आणि त्यांचे चिरंजीव मला शिक्का दाखवून ‘अजून सात वर्षे आहेत’ असे समजावून सांगत होते. आय-९४ची तारीख एका दिवसाने जरी ओलांडली, तरी दहा वर्षांचा तो व्हिसा त्याच क्षणी रद्द समजला जातो, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू तो कायदा मीच केला होता.

ज्या कायद्याविषयी माझी खरी तक्रार आहे, तो मात्र १९९६ चा आहे. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त, पण एक वर्षापेक्षा कमी राहून जो देश सोडतो, त्याला परत येण्यास तीन वर्षांची बंदी; वर्षभर किंवा त्याहून अधिक राहून जो सोडतो, त्याला दहा वर्षांची. ही मोजणी १ एप्रिल १९९७ पासून सुरू झाली, आणि तारीख निवडणाऱ्याला विनोदबुद्धी होती, की ती मुळीच नव्हती, हे मला आजवर उमगलेले नाही. येथे ‘सोडतो’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ही बंदी मुक्काम लांबल्याने लागू होत नाही, मुक्काम लांबवून निघून गेल्याने लागू होते. उलट अमेरिकन नागरिकाचा पती किंवा पत्नी रीतसर तपासणी होऊन देशात आली असेल, तर उलटलेली मुदत, एवढेच नव्हे तर परवान्याशिवाय केलेली नोकरीसुद्धा, देशात राहूनच केलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या आड सहसा येत नाही. म्हणजे चूक उमगून जो मुकाट्याने घरी गेला त्याला शिक्षा, आणि जो येथेच बसून राहिला त्याला माफी. ‘आधी घरी जावे, मग सरळ मार्गाने यावे’ असा सल्ला देणारी सज्जन माणसे आपल्या समाजात पुष्कळ आहेत, आणि या एका बाबतीत त्यांच्याइतका घातक दुसरा कोणी नाही.

अशाच एका सज्जनाची हकिकत मला सांगायची आहे. कऱ्हाडजवळचा एक तरुण थोरल्या भावाकडे पाहुणा म्हणून आला. मुदत संपल्यावर तेरा महिने तो येथेच राहिला. कारण विचाराल, तर भावाच्या शेजारी राहणारी, येथेच जन्मलेली एक मुलगी. दोघांचे लग्न झाले, अर्ज दाखल झाले, बोटांचे ठसे देऊन झाले आणि सर्व काही सुरळीत चालले होते. एवढ्यात गावाकडे आई अंगणात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत यायचे, तर आधी अ‍ॅडव्हान्स पॅरोल नावाचा परवाना हातात पडावा लागतो. (या शब्दानेही घोळ होतात. ‘पॅरोल मिळाला की येईन,’ असे एका जावयाने फोनवर सांगितले, तेव्हा सांगलीच्या सासूबाईंनी त्याला कोणत्या गुन्ह्यासाठी आत टाकले, अशी चौकशी केली होती.) या तरुणाने परवाना मागितला होता, पण तो अद्याप आला नव्हता. आमच्या कार्यालयाने ‘थांबा’ म्हणून सांगितले. त्याच संध्याकाळी भावाच्या ओळखीचे एक वडीलधारे गृहस्थ भेटले, ज्यांच्या शब्दाला आपल्या मंडळींत मान होता. ते म्हणाले, ‘अर्जाची पावती हाती आहे, शिक्का अजून चालू आहे, आणि आईपेक्षा कागद मोठा नाही.’ शेवटच्या वाक्यापुढे कोण काय बोलणार? मुलगा गेला.

सहा आठवड्यांनी तो नेवार्कला उतरला. अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिले आणि तीन गोष्टी सांगितल्या. शिक्का रद्द आहे, परवान्याविना देश सोडल्यामुळे ग्रीन कार्डाचा अर्ज सोडून दिला असे मानले जाईल, आणि तेरा महिन्यांमुळे दहा वर्षांची बंदी लागली आहे. स्वेच्छेने प्रवेशाची विनंती मागे घेऊन परत जाण्याची मुभा त्याला दिली, हा त्या अधिकाऱ्याचा उपकारच म्हणायचा. आईचा पाय चार महिन्यांत जुळला. मुलाचे मात्र मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा मिळेपर्यंत सव्वातीन वर्षे गेली, आणि तीही पत्नीला त्याच्यावाचून असाधारण हाल सोसावे लागतात हे सिद्ध करून बंदीतून सूट मिळाली म्हणून. या सुटीसाठी हाल मोजले जातात ते नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या पती-पत्नीचे, नाहीतर आई-वडिलांचे. पोटच्या मुलांचे हाल त्यात थेट धरत नाहीत. सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की परवाना हाती घेऊन गेलेल्याचे जाणे बंदीपुरते ‘जाणे’ धरू नये, असा निर्णय आई-वडिलांना भेटायला गेलेल्या एका भारतीय दांपत्याच्याच प्रकरणात २०१२ साली झालेला होता. त्या मुलाने परवान्याची वाट पाहिली असती, तर ही दहा वर्षांची बंदी त्याच्या वाट्याला आली नसती.

कार्यवाहांनी आता दुसऱ्यांदा घड्याळ दाखवले आहे, आणि अर्ज कसा करावा हे पत्रिकेत कबूल केलेले अद्याप बाकी आहे. ते भरभर सांगतो.

पहिली गोष्ट, ही माफी नागरिकाच्या जोडीदाराला आहे. पती किंवा पत्नीकडे केवळ ग्रीन कार्ड असेल, तर मुदत उलटलेल्याला देशातून अर्ज करता येत नाही, जोडीदार नागरिक होईपर्यंत थांबावे लागते, आणि तोवरचे दिवस मोजले जात राहतात. नात्याचा अर्ज आय-१३० आणि ग्रीन कार्डाचा आय-४८५ हे एकत्र भरता येतात. त्यांसोबत नोकरीचा परवाना व अ‍ॅडव्हान्स पॅरोल मागावा, आणि जोडीदाराचे आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र जोडावे. त्यासाठी सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागते. ते कमी पडल्यास दुसरा हमीदार चालतो. वैद्यकीय तपासणीचा अहवाल २ डिसेंबर २०२४ पासून अर्जाबरोबरच द्यावा लागतो.

आपल्या लोकांचा कागद अडतो तो नावावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर ते गायब, विवाहाच्या दाखल्यावर बदललेले आडनाव. ही तिन्ही माणसे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. मुलाखतीला सहाशे फोटोंचा अल्बम नेण्यापेक्षा दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि बँकेच्या खात्याचे उतारे न्यावेत. आपल्या लग्नाच्या फोटोत चारशे माणसे असतात, आणि त्यांतले नवरा-नवरी कोण, हे अधिकाऱ्याला शोधावे लागते. प्रवेशाच्या वेळी लग्नाचा बेत लपवून ‘फिरायला आलो’ असे सांगितले असेल, तर ते प्रकरण वेगळे आणि गंभीर आहे. खोटे बोलण्याला मुदतीसारखी माफी नाही. अर्जाची पावती म्हणजे कायदेशीर वास्तव्याचा दर्जा नव्हे, तिने हद्दपारीची कारवाई अडत नाही, आणि मंजुरी शेवटी अधिकाऱ्याच्या विवेकावर असते. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे मिळते आणि ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ते पुढे कायम करून घेण्यासाठी आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. हे विसरणारे पुष्कळ आहेत.

घड्याळ तिसऱ्यांदा दिसले. ज्यांना आपल्या घरच्या पाहुण्यांची आय-९४ची तारीख ठाऊक नाही, त्यांनी पासपोर्ट क्रमांक घेऊन बाहेर चहाच्या टेबलापाशी यावे. मी तेथे अर्धा तास आहे.