कोटगढचे स्टोक्स

(दृश्य: देवदारांची रांग, उतारावर पायरीपायरीनं खाली गेलेल्या सफरचंदाच्या बागा, तळाशी सतलज)

शिमल्याहून साधारण 80 किलोमीटर. नारकंडा मागे टाकलं की रस्ता सतलजच्या बाजूला उतरायला लागतो आणि पाट्यांवर ठाणेदार, कोटगढ ही नावं दिसू लागतात. ऐन हंगामात इथे पेट्यांनी भरलेले ट्रक एकमेकांना वाट देत ताटकळत असतात. 1904 साली मात्र शिमल्यापर्यंत रेल्वे येऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्यापुढे पायी जायचं, नाहीतर घोड्याखेचरावरून.

त्या वर्षी एक एकविशीतला अमेरिकन तरुण या डोंगरांत आला. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स. फिलाडेल्फियाच्या क्वेकर (साधेपणा आणि अहिंसा मानणारा ख्रिस्ती पंथ) घराण्यातला मुलगा; वडिलांचा लिफ्ट बनवण्याचा कारखाना होता. पोरानं धंद्यात लक्ष घालावं ही बापाची इच्छा, आणि पोरगं निघालं शिमल्याच्या डोंगरातल्या सबाथूला, कुष्ठरोग्यांची सेवा करायला. पुढच्याच वर्षी कांगड्याचा प्रचंड भूकंप झाला, तिथेही तो मदतकार्यात होता. नंतर कोटगढ दिसलं आणि तो तिथलाच झाला.

अर्थात लगेच नाही. आधी काही वर्षं त्यानं संन्याशासारखी काढली. 1912 मध्ये त्यानं कोटगढच्याच एका राजपूत ख्रिस्ती घरातल्या अ‍ॅग्नेस बेंजामिनशी लग्न केलं. बारोबाग इथला सुमारे 200 एकरांचा जुना चहाचा मळा घेतला आणि तिथे घर बांधलं. त्याचं नाव ठेवलं हार्मनी हॉल. घर आजही उभं आहे.

(दृश्य: हार्मनी हॉल, बाहेरून)

त्या काळी हिंदुस्थानात राहणारे गोरे डोंगरात यायचे ते उन्हाळ्यापुरते. शिमल्यात चार महिने काढायचे, नाच-नाटकं करायची आणि थंडी पडली की खाली. बर्फ पडल्यावर मागे उरायचे ते पहाडी लोक आणि त्यांची गुरं. स्टोक्स कुटुंब उरणाऱ्यांत गेलं.

(दृश्य: हिवाळ्यातली बाग, निष्पर्ण झाडं)

आता सफरचंद. स्टोक्सचं नाव निघालं की पहिली हीच गोष्ट सांगतात, तेव्हा आपणही सांगून टाकू. हिमाचलात सफरचंद त्यांनी आणलं, हे काही खरं नाही. कुल्लूजवळ बंदरोळला 1870 च्या सुमारास एका इंग्रज कॅप्टननं बाग लावली होती. पण ती सगळी इंग्रजी वाणं, चवीला आंबटसर. आपल्या लोकांना फळ हवं ते गोड. स्टोक्सनी 1916 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेतून रेड डिलिशियसची कलमं मागवली. लाल, लांबट, गोड. काही वर्षांनी आईनं नाताळची भेट म्हणून गोल्डन डिलिशियसची रोपं धाडली. ही भेट भलतीच कामाची ठरली, कारण रेड डिलिशियस स्वतःच्या परागावर नीट धरत नाही. त्याला शेजारी दुसरं वाण लागतं, आणि त्यासाठी हिमाचलच्या बागांत आजही गोल्डनची झाडं मधूनमधून ठेवतात. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात त्याही याचसाठी.

(दृश्य, जवळून: खुरप्यानं उकरलेली बुंध्याजवळची माती, पांढरा लेप लावलेलं खोड)

बागेचं खरं काम चालतं ते कडाक्याच्या थंडीत. झाडाभोवती आळं करायचं, इथले बागवान त्याला तौलिया म्हणतात. त्यात शेणखत घालायचं. छाटणी करायची. खोडाला चुना आणि मोरचुदाचा लेप, म्हणजे बोर्डो, द्यायचा. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो काय ते वेगळं सांगायला नको. आणि मग बर्फाची वाट बघायची. आपल्याकडे विदर्भात संत्र्याला पाणी तोडून ताण देतात, तेव्हा बहार फुटतो. इथे तो ताण थंडी देते. डिलिशियस जातीच्या झाडाला सात अंशांखालची थंडी हजारएक तास मिळाली पाहिजे, नाहीतर वसंतात फूट आणि फुलोरा दोन्ही फिसकटतात. यांना म्हणायचं चिलिंग अवर्स. कोटगढच्या म्हाताऱ्या बागवानाच्या तोंडीही हाच शब्द असतो.

बियांच्या रोपावर बांधलेलं कलम फळाला यायला सातआठ वर्षं जातात. हातावर पोट असलेला शेतकरी इतकी वर्षं जमीन अडकवून कसा ठेवणार? स्टोक्सना ते परवडलं, कारण पाठीशी फिलाडेल्फियाचा पैसा होता. हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. पण झाडं धरली, माल विकला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी रोपं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली, लागवड शिकवली. एकट्यापुरती बाग राखली असती, तर कोटगढ आज एका साहेबाची इस्टेट म्हणून ओळखलं गेलं असतं.

(दृश्य: जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता, वळणं, कड्यालगतची भिंत)

मला स्वतःला सफरचंदापेक्षा हा रस्ता जास्त बोलका वाटतो. हा हिंदुस्थान-तिबेट मार्ग. 1850 मध्ये काम सुरू झालेला. यावरून साहेब दौऱ्याला निघाले, शिकारीला निघाले, की सामान वाहायचं गावकऱ्यांनी. बेगार. आपण वेठबिगार म्हणतो तीच. कापणीचे दिवस असोत की पेरणीचे, बोलावणं आलं की शेत सोडून जायचं आणि साहेब येईस्तोवर रस्त्यात तिष्ठत बसायचं.

पहिल्या महायुद्धात याच स्टोक्सनी ब्रिटिश फौजेसाठी डोंगरातून भरती केली होती. युद्ध संपल्यावर मात्र ते बेगारीविरुद्ध उभे राहिले. गावकरी संघटित झाले, आणि 1921 मध्ये कोटगढात सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्याआधी 1920 च्या डिसेंबरात नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला ते गेले होते. अंगावर खादी आली होती. डिसेंबर 1921 मध्ये लाहोरच्या वाटेवर त्यांना अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला हा एकमेव अमेरिकन. शिक्षा संपेपर्यंत मळा आणि लहान लहान मुलं अ‍ॅग्नेसच्या अंगावर.

(दृश्य: परमज्योती मंदिर, लाकडी भिंतींवर कोरलेले श्लोक)

या घरात एकूण सात मुलं झाली. त्यांतला तारा लहानपणीच आमांशानं गेला. डोंगरात तेव्हा असलं दुखणं जिवावर बेतायचं. त्याच्या नावानं स्टोक्सनी बारोबागेत शाळा काढली. त्यात स्वतःची मुलं आणि गावातली मुलं एकत्र शिकली.

स्टोक्सना खरी काळजी लागली होती ती या मुलांची. गोऱ्या बापाची आणि पहाडी आईची मुलं. साहेबांच्या क्लबात त्यांना जागा नाही, गावच्या पंगतीत नाही. स्वतः बाप कितीही इथला झाला, तरी पोरांची लग्नं कुठे जुळणार? 1932 मध्ये त्यांनी आर्य समाजाच्या विधीनं हिंदू धर्म स्वीकारला. सॅम्युएलचे सत्यानंद झाले, अ‍ॅग्नेसची प्रियादेवी. यामागे उपनिषदांचा आणि गीतेचा अभ्यास होताच, पुढे बांधलेल्या या देवळाच्या भिंतींवर तो दिसतो. पण मुलांना या समाजात उघडपणे घेतलं जावं, हाही हेतू होता. धर्मांतराकडे निव्वळ आध्यात्मिक घटना म्हणून पाहणाऱ्यांना हे खटकेल. सोयरिकी जमवायला निघालेल्या बापाला नाही खटकणार.

14 मे 1946 रोजी सत्यानंद स्टोक्स वारले.

(दृश्य: तुर्भे, वाशीचा घाऊक फळबाजार, पेट्यांची थप्पी)

आज हिमाचलात एक लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर सफरचंद आहे. हंगामात ते वाशीच्या बाजारात उतरतं आणि मुंबईच्या गाड्यांवर ‘शिमला’ म्हणून विकलं जातं. मुलांच्या सोयरिकींची चिंताही मिटली. मुलगा लालचंद आमदार झाला. त्याची बायको, पहाडी घरातल्या विद्या स्टोक्स, विधानसभेच्या अध्यक्ष होत्या, आणि पुढे मंत्री झाल्या तेव्हा त्यांच्याकडे फलोत्पादन खातंही आलं.

बागांचं मात्र बदलतंय. बर्फ कमी पडतं, खालच्या उतारांवर थंडीचे तास भरत नाहीत, आणि सफरचंदाचा पट्टा वर, किन्नौर-स्पीतीकडे सरकतोय. खालचे बागवान जुनं डिलिशियस काढून कमी थंडीवर भागणारी वाणं लावताहेत, बुटक्या खुंटांवर. ती दोनतीन वर्षांत फळ देतात.