एकच नग

सकाळचे साडेनऊ. भोसरी एमआयडीसीतलं हे अर्धं वर गेलेलं शटर, आणि आत नुकतंच सुरू झालेलं लेथ, धातू गरगर फिरवून कातणारं मशीन. माझ्या पिशवीत जुन्या पंच्यात गुंडाळलेला एक आयपीस आहे, दुर्बिणीत डोळा लावायचं भिंग.

मी घरी दुर्बीण बनवतोय. सहा इंची आरसा, नाभीय अंतर साधारण १२०० मिलिमीटर. आरसा हातानं घासला, प्लायवूडची पेटी झाली. राहिल्या दोनच वस्तू: आरसा ज्यावर टेकतो ती लोखंडी चकती, आणि आयपीस बसवायची ॲल्युमिनियमची नळी. दोन्ही एकेकच नग.

पुण्यात हे अवघड का जावं? एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झालं. पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांचे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेड गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. इथं होत नाही असं काम शोधावं लागतं. पण पहिल्याच ठिकाणी मला विचारलं, "शंभर नग आहेत का?" नाही म्हटल्यावर बोलणंच संपलं.

तेव्हा वाईट वाटलं होतं. आता त्यांची बाजूही कळते. चकतीला लोखंड लागतं जेमतेम अर्धा किलो. खर्च असतो तो सेटिंगचा. चालू काम थांबवायचं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बांधायचा, टूल लावायचं, माप घ्यायचं. एक नग असो वा शंभर, हा वेळ तेवढाच जातो. म्हणून मी प्रश्नच बदलला. "किती घ्याल?" असं न विचारता, "तीन एमएमचा पत्रा मशीनवर कधी लागणार आहे?" असं विचारू लागलो.

एका लेझर कटिंगवाल्या दादांनी लगेच सांगितलं, "शुक्रवारी या. उरलेल्या कोपऱ्यात बसवून देतो." (गुरुवार हा इथला सुट्टीचा वार.) माझी डीएक्सएफ फाइल, म्हणजे चकतीचं संगणकावरचं ड्रॉइंग, उघडून त्यांनी दोन मिलिमीटरच्या भोकांवर बोट ठेवलं. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझरनं नीट निघत नाही. तिथं नुसती खूण करून देतो, घरी ड्रिल मारा, म्हणाले. एवढं समजावून सांगायचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. स्क्रू आणि स्प्रिंगा मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणल्या.

कुणाला स्वतःच मशीनवर काम करायचं असेल, तर शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर स्वतः वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक तिथली.

नळीची गोष्ट मात्र या लेथपाशी घडली. आयपीसचं माप सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. मी कागदावर तेवढंच लिहून दिलं. लेथवाल्या काकांनी बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, अगदी त्याच मापाचा केला आणि आयपीस आत जाईना. चूक माझी होती; सरकायला जागा ठेवा, हे मी लिहिलंच नव्हतं.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "माप काय आणता, नग आणा."

म्हणून आज आयपीस सोबत आणलाय. हे बघा, नळी पुन्हा चकमध्ये, लेथच्या पकडीत, धरलीय. बोरिंग टूल हलकेच आत जातंय, केसाएवढी चंदेरी कीस निघतेय. काका मशीन थांबवतात, फडक्यानं आतून पुसतात, आयपीस लावून बघतात. अजून अडतोय. आणखी एक हलका कट. पुन्हा पुसणं.

आता नळीच्या खालच्या तोंडावर तळवा दाबून त्यांनी वरून आयपीस सोडला. तो पडला नाही. आतल्या हवेवर तरंगत, सावकाश, खाली उतरत गेला.

काकांनी व्हर्नियर लावला आणि भिंतीवर, जुन्या मापांच्या गर्दीत, खडूनं लिहिलं: दुर्बीण, ३१.८५.