गेलो की जायचो?

नमस्कार. आज एकाच क्रियापदाबद्दल बोलणार आहे: स्पॅनिशमधलं 'इर', म्हणजे 'जाणे', आणि तेही फक्त भूतकाळातलं. हे एक नीट कळलं की पुढची वाट बरीच मोकळी होते, असा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

आधी रूपं बघू. मी गेलो: फुई. तू गेलास: फुइस्ते. तो किंवा ती गेली: फुए. आम्ही गेलो: फुइमोस. ते गेले: फुएरोन. स्पेनमध्ये 'तुम्ही गेलात' यासाठी फुइस्तेइस म्हणतात. लॅटिन अमेरिकेत ते रूप बोलण्यात नाही, तिथे 'तुम्ही'लाही फुएरोनच. आपल्याकडे मुलगा 'गेलो' म्हणतो, मुलगी 'गेले' म्हणते. स्पॅनिशमध्ये दोघंही फुई. तेवढं एक ओझं कमी.

वर्गात इथे हमखास प्रश्न येतो. क्रियापद 'इर', वर्तमानकाळात 'जातो' म्हणजे 'बोइ', आणि भूतकाळात एकदम 'फुई'? हे आलं कुठून? मी उलट विचारते, 'जाणे'चा भूतकाळ 'जाला' का नाही? 'गेला' कुठून आला? आपलं 'जा' संस्कृतच्या 'या' धातूपासून आलंय आणि 'गेला' आलंय 'गत'पासून. दोन वेगळे धातू एका संसारात नांदतायत आणि आपल्याला ते कधी खटकतसुद्धा नाही. स्पॅनिशमध्ये लॅटिनमधली तीन क्रियापदं एकत्र आली. त्यातलं फुई तर 'असणे'चं रूप, 'जाणे'नं ते आपलंसं केलं. म्हणून आजही 'फुई माएस्त्रा' म्हणजे मी शिक्षिका होते आणि 'फुई आ मादरीद' म्हणजे मी माद्रिदला गेले. मधल्या त्या छोट्या 'आ'कडे कान ठेवा. (जुनी स्पॅनिश पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी: तिथे फुई आणि फुए यांच्यावर आघाताची खूण दिसेल. १९५९पासून लागू झालेल्या नियमांनी ती काढली.)

आता खरा मुद्दा. स्पॅनिशमध्ये 'जाणे'ला आणखी एक साधा भूतकाळ आहे: इबा, इबास, इबा, ईबामोस, इबाइस, इबान. पाठ करायला सोपा, वापरायला अवघड, असं म्हणतात. मला ते पटत नाही. अवघड होतो तो आपण इंग्रजीतून शिकतो म्हणून. इंग्रजीत 'वेंट' हा एकच शब्द एकदा गेलेल्यालाही चालतो आणि रोज जाणाऱ्यालाही. मराठी कानाला मात्र 'गेलो' आणि 'जायचो' यांतला फरक शाळेत जायच्या आधीपासून कळतो. आणि आपल्या व्याकरणात 'जाई, करी, बसे' असा रीतिभूतकाळ आहेच की!

माझ्या एका विद्यार्थिनीनं आजीवर निबंध लिहिला होता. पहिलं वाक्य: 'मि आबुएला फुए आल पोसो.' व्याकरणात चूक नाही. पण वाचणाऱ्याला काय दिसतं? आजी विहिरीवर गेली. एकदा. गेली आणि विषय संपला. मी तिला म्हटलं, हेच मला मराठीत सांग. ती लगेच म्हणाली, "आजी रोज पहाटे विहिरीवर जायची." मग लिही ना तसं! 'मि आबुएला इबा आल पोसो.' एक शब्द बदलला आणि आजीच्या सगळ्या पहाटा परत आल्या.

इबा आणखी एक काम करतो. 'इबा आल मेर्कादो क्वांदो एम्पेसो आ योबेर': बाजारात चालले होते, तेवढ्यात पाऊस सुरू झाला. चालणं पसरलेलं, म्हणून इबा. पाऊस अचानक सुरू झाला, म्हणून एम्पेसो. इथे 'फुई' घातलं तर मी बाजारात गेले ती पाऊस सुरू झाल्यावर, असा अर्थ होईल. आणि 'इबा आ यामार्ते' हे तर आपल्या तोंडी रोज असतं: "अगं, तुला फोन करणारच होते!" केला नाही, पण मनात होतं. फुईला हे जमत नाही. 'फुई आ यामार्ते' म्हटलं तर मी उठून तुला बोलवायलाच गेले.

म्हणून घरी सराव करताना इंग्रजी बाजूला ठेवा. आधी मनातल्या मनात मराठीत म्हणा. तोंडात 'गेले' आलं तर फुई. 'जायचे', 'चालले होते' किंवा 'जाणार होते' आलं तर इबा. शंभरातलं प्रत्येक वाक्य यात बसेल असं नाही, पण सुरुवातीला याच्याइतका भरवशाचा आधार मला दुसरा सापडलेला नाही.

त्या मुलीनं निबंध पुन्हा लिहून आणला. विहीर, घागर, पहाटेचा अंधार, सगळं इबाच्या काळात. आणि शेवटी तिनं स्वतःहून, मी न सांगता, काळ बदलला: 'उन दीआ नो फुए. या आबीआ ग्रिफो एन कासा.' एक दिवस ती गेली नाही. घरात नळ आला होता.