पिल्लू ठरवेल तेवढं अंतर

सोफ्यामागे भिंतीला अंग चिकटवून बसलंय ते कुत्र्याचं पिल्लू. शेपूट पोटाशी घेतलेली, कान मागे पडलेले, नजर इतकी तिरपी की डोळ्यांतलं पांढरं दिसावं. निवाऱ्यातून घरी येऊन जेमतेम काही तास झालेत. घरातल्या प्रत्येकाला त्याला उचलून छातीशी धरायचंय. आज तेवढं मात्र करायचं नाही.

बुजऱ्या पिल्लाची शिकवणी ‘बस’ आणि ‘ये’च्या आधी, अंतरापासून सुरू होते. आपण किती लांब असलो तर ते खाऊ खातं? कितपत जवळ गेलो की तोंड फिरवतं? ती रेघ शोधायची आणि सगळं काम तिच्या अलीकडे राहून करायचं. खाऊ नाकारला, की आपण रेघ ओलांडली.

अशा पिल्लाला कुणीतरी मारलं असणार, असं आपण लगेच समजतो. पुष्कळदा तसं झालेलं नसतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत पिल्लू ज्या आवाजांना, वासांना, हातांना भेटतं, ते सगळं त्याच्या ओळखीचं होतं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं चौदा आठवडे माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली होती. नंतर त्यांना माणसाळवणं फार कठीण गेलं. आपल्या सोफ्यामागच्या पिल्लाच्या वाट्यालाही त्या आठवड्यांत माणूस कमीच आला असेल.

मग हे भरून कसं काढायचं? वाट जुनी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची गोष्ट नोंदवली. मुलगा आवडीचं खात असताना ससा आधी लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. अखेरीस तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. पिल्लाच्या बाबतीत माणूस हाच ससा.

इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी माणूस दिसावा, लगेच खाऊ पडावा. उलटं झालं, तर खाऊ दिसताच पिल्लू सावध होतं: आता काहीतरी येणार! जमिनीवर बसा, अंग थोडं वळवून. खाऊ त्याच्या मागच्या बाजूला टाका, म्हणजे ते आपल्यापासून दूर जाऊन खाईल आणि पुन्हा जवळ यायचं की नाही, हे स्वतः ठरवेल. परत फिरायची मोकळीक असलेलं पिल्लू लवकर धीट होतं, यावर आमचा पक्का विश्वास आहे.

आता त्याचा चेहरा बघा. झोप आलेली नसताना जांभई. समोर खाणं नसताना ओठांवरून फिरलेली जीभ. बाजूला वळवलेली मान. ‘थोडं थांबा’ म्हणायची ही त्याची रीत. हे ओळखलं नाही, तर पुढे गुरगुरणं येतं. त्या गुरगुरण्यावर ओरडू नका. गुरगुरायचं बंद झालेलं कुत्रं घाबरायचं थांबत नाही, सूचना न देता चावतं.

आणि हो, लाड केले की भित्रेपणा वाढतो, हे खरं नाही. घाबरून ते आपणहून मांडीशी आलं, तर खुशाल जवळ घ्या.

लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी जग दाखवायचं असेल, तर पशुवैद्यांना विचारून, उचलून न्या. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत दीर्घकाळ टिकतो. चालायला लागलं की गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), दोन्ही बांधा. दचकलेलं पिल्लू मागे सरकत नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यातून क्षणात डोकं काढून घेतं, आणि पळालेलं बुजरं पिल्लू हाकेला येत नाही.

वयात येताना, साधारण सहा महिन्यांनंतर, गेलेली भीती अचानक परतू शकते. काल ज्या छत्रीजवळून ते आरामात गेलं, तिलाच आज भुंकेल. तेव्हा ओढत न्यायचं नाही. पुन्हा लांबून सुरुवात करायची. महिनोन्‌महिने फरक पडत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर पशुवैद्यांकडे जा. काही पिल्लांना प्रशिक्षणासोबत औषधाचीही गरज लागते.

म्हणून दत्तकाच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसावं. रोजच्या पाच-पाच मिनिटांच्या शिकवण्या कोण घेणार? पाहुणे आले की त्यांना ‘हात लावू नका’ कोण सांगणार? आणि पहिल्या वर्षी लांबचा प्रवास निघाला, तर पिल्लापाशी कोण थांबणार? ही नावं आधीच ठरवून ठेवा.