वयाचा दाखला

ऑगस्ट १९१५. लंडनचा सिडनी लुईस सैन्यात भरती होतो. अजून मिसरूड फुटलेलं नाही. फुटणार तरी कसं? त्याचं वय आहे बारा वर्षं.

ब्रिटिश सैन्यात शिरायला तेव्हा अठरा वर्षं पूर्ण लागत, परदेशी आघाडीवर जायला एकोणीस. पण भरतीच्या टेबलापाशी जन्माचा दाखला कुणी मागत नसे. मुलगा सांगेल ते वय. उंची भरली, छाती मापात बसली, की झालं. भरती करणाऱ्याला दर माणसामागे पैसे मिळत. एखाद्या पोरानं भाबडेपणानं खरं वय सांगितलंच, तर त्याला म्हणत, बाहेर एक चक्कर मारून ये आणि एकोणीसचा होऊन ये. पुढे म्हातारे झालेल्या कितीतरी सैनिकांनी ही आठवण सांगितली आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात अशी सुमारे अडीच लाख अल्पवयीन मुलं होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कुणाला मित्रांच्या मागे जायचं होतं, कुणाला घरातून सुटायचं होतं. पोरं वय चोरून गेली, असं आपण सहज म्हणतो. पण टेबलापलीकडच्या मोठ्या माणसाला डोळे होते ना? बारा वर्षांचं लेकरू एकोणीसचं दिसत नाही.

१९१६. फ्रान्समधली सोमची लढाई. मशीनगन कंपनीत असलेला सिडनी आता तेरा वर्षांचा आहे. डेलव्हिल नावाच्या रानात तो लढतो. तोफांच्या माऱ्यानं त्या रानात झाडांचे नुसते जळके खुंट उरले होते. आणि घरी आईला पोरगा कुठे आहे याचा पत्ताच नव्हता. रजेवर आलेल्या त्याच्या एका सोबत्याकडून तिला कळलं. तिनं काय केलं? युद्ध खात्याला पत्र लिहिलं, सोबत जन्माचा दाखला जोडला आणि मुलगा परत मागितला. सिडनी घरी आला. ज्या कागदावाचून सैन्याचं अडलं नव्हतं, त्याच कागदानं त्याला परत आणलं.

आता हे दृश्य पाहा. मार्च १९४५, बर्लिन. हिटलर रांगेत उभ्या केलेल्या मुलांच्या समोरून जातो, एकेकाशी हस्तांदोलन करतो, एकाचा गाल थोपटतो. त्यातलं एक पोर बारा वर्षांचं आहे आणि त्याच्या छातीवर शौर्यपदक आहे. सहा महिन्यांपूर्वीच जर्मनीनं सोळा ते साठ वयाच्या पुरुषांना शेवटच्या लढाईसाठी बोलावलं होतं. पुढे सोळाची अटही उरली नाही. युद्ध हरल्यात जमा होतं, हे मोठ्यांना कळत होतं. तरी पोरांच्या हाती रणगाडे फोडायची शस्त्रं दिली गेली. याचा राग आजही येतो, यायलाच हवा.

१९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, असं त्यात आरंभीच लिहिलं आहे. पण युद्धाचं कलम येताच ते वय घसरतं आणि पंधरावर थांबतं. जगातल्या मुत्सद्द्यांना एकाच कागदावर मुलाची दोन वयं लिहावी लागली! अठराखालच्यांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवण्याचा जोडकरार २००० मध्ये झाला, २००२ मध्ये लागू झाला. त्यातही स्वेच्छेनं भरती व्हायला सोळाव्या वर्षाची वाट मोकळी राहिली. पंधराखालच्या मुलांना सैन्यात ओढणं हा युद्धगुन्हा ठरला आणि त्यासाठी २०१२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं काँगोमधल्या एका सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला चौदा वर्षांची शिक्षा दिली. त्या न्यायालयाचा तो पहिलाच निकाल.

आणि मग डॅन बुलक. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेला. चौदाव्या वर्षी त्यानं दाखल्यावरची जन्मतारीख बदलली आणि मरीन दलात शिरला. मे १९६९ मध्ये तो व्हिएतनामला पोचला. ७ जूनला आन होआच्या तळावर रात्रीच्या हल्ल्यात मारला गेला. पंधरा वर्षांचा होता. त्याच्या देशात तेव्हा बहुतेक राज्यांत मतदानाचं वय एकवीस होतं. ज्यांना लढायला धाडता त्यांना मत का नाही, या आग्रहातून १९७१ मध्ये ते अठरावर आलं. डॅन जगला असता, तर त्याला तेव्हाही मत देता आलं नसतं.

त्याच्या कबरीवर २००० सालापर्यंत दगडही नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये काळ्या ग्रॅनाइटची एक लांब भिंत आहे. व्हिएतनाममध्ये गेलेल्यांची अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं तिच्यावर कोरली आहेत, ज्या क्रमानं ती माणसं गेली त्या क्रमानं. लोक येतात, आपल्या माणसाचं नाव शोधतात, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून नाव उमटवून घेतात. डॅनचं नावही तिथे आहे. नावापुढे हुद्दा नाही. वयही नाही.