वाईटात वाईट दिवशी जमेल एवढंच

विषय श्रद्धेचा आहे, पण श्रद्धा कुणावर ठेवावी याबद्दल मी आज काही बोलणार नाही. तुमचा देव, तुमचं नाम, तुमची प्रार्थना तुमच्यापाशी. बोलायचं आहे ते नेमाच्या बांधणीबद्दल. नेम मोडला की माणूस म्हणतो, "माझी श्रद्धाच कमी पडली." बहुतेक वेळा श्रद्धा शाबूत असते आणि नेम कच्चा बांधलेला असतो.

नेम ठरतो कधी, ते पाहा. प्रवचन ऐकून आल्यावर, शिबिराहून परतल्यावर, नाहीतर घरावर एखादं संकट आल्यावर. मन भरून आलेलं असतं. त्या भरात पहाटे उठून चाळीस मिनिटं बसायचं ठरतं आणि चार-सहा दिवस ते जमतंही. मग एका रात्री जागरण होतं, मूल आजारी पडतं, कामाचा डोंगर साचतो आणि नेम सुटतो. माप चांगल्या दिवसावरून घेतलं होतं ना! ते घ्यायचं अंगात ताप असलेल्या, प्रवासात अडकलेल्या दिवसावरून. त्या दिवशी काय जमेल? तीन श्वास, आणि प्रत्येक श्वास सोडताना एकदा नाम. वीस सेकंदही लागत नाहीत. नेम तेवढाच. पुढे बसावंसं वाटलं तर खुशाल बसा, पण ते नेमात धरू नका.

आता हे कधी करायचं? "सकाळी" हे उत्तर चालत नाही. सकाळ तीन-चार तासांची असते आणि तेवढ्यात नेम कुठेही हरवतो. घड्याळाचा गजरही फारसा कामाचा नाही; तो वाजतो तेव्हा हात दुसऱ्याच कामात असतात, आणि गजर फोनवर असेल तर तो बंद करता करता आलेले चार संदेश दिसतात. रोज न चुकता होणारी एखादी कृती शोधा आणि ती जिथे संपते त्या क्षणाला नेम बांधा. "दात घासताना" असं न म्हणता "ब्रश पेल्यात परत ठेवला की" असं म्हणा. ब्रश ठेवल्याचा आवाज होतो, हात मोकळा होतो, तिथे जागा असते. जुन्या परंपरांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. ज्यू घरांच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, लावलेला असतो आणि येता-जाता त्याला हात लावण्याची रीत आहे. आठवण ठेवायचं काम चौकटीवर सोपवून दिलेलं आहे.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या आकड्याचा उगम एका अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला किमान साधारण एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. सवयीचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा बारा आठवडे मागोवा घेतला. कृती आपोआप होऊ लागायला लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला, पण व्याप्ती १८ ते २५४ दिवस अशी होती; बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून गणिताने काढलेले होते. तेव्हा बाविसाव्या दिवशी मन लावून आठवावं लागत असेल, तर त्यात काही बिघडलेलं नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखादी वेळ चुकली म्हणून सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडत नाही.

आता मोजणीकडे येऊ. इथे तपशील महत्त्वाचा आहे. माळ कशासाठी? बोटांनी मोजायचं काम घेतलं की मन त्यातून सुटतं. १०८ मण्यांची जपमाळ, मुसलमानांची ३३ किंवा ९९ मण्यांची तस्बीह, कॅथलिकांची दहा-दहा मण्यांच्या पाच गटांची रोझरी, गाठी मारलेली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दोरी, साऱ्यांचा एक उपयोग हा आहे. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, बोटाला लागतो तेव्हा डोळे न उघडता कळतं, की फेरी संपली. फोनमधला मोजणीचा काउंटर मला पटत नाही. आकडा दिसतो, आणि दिसला की माणूस आकड्यामागे धावतो.

माळ जवळ नसेल तेव्हा हात आहेच. करमाळेची, म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजण्याची, पद्धत अशी: उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवा, हा एक. खाली तिच्याच मुळाशी, दोन. तिथून करंगळीचं मूळ, मधलं पेर आणि टोक. तीन, चार, पाच. मग वरच्या वर अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीचं टोक; सहा, सात, आठ. तर्जनीवरून खाली उतरत मुळाशी आलात की दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं शिवायची नाहीत, ती मेरूच्या जागी. पहिल्या आठवड्यात अंगठा चुकतो, विशेषतः पाचावरून सहावर जाताना, कारण तो सवयीने करंगळीवरून परत खाली उतरू पाहतो. चुकलात तर एकपासून सुरू करा. हा हात खिशात, रांगेत, बसमध्ये, कुणाच्या लक्षातही न येता चालतो.

वेग किती ठेवायचा? दोन-तीन अक्षरी नाम दोन सेकंदांना एक घेतलं तर १०८ ला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. श्वासाला एक घेतलं आणि मिनिटाला बारा श्वास धरले, तर नऊ मिनिटं. लुचानो बेर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसं, एकदा लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना, एकदा एक मंत्र. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्या गतीला हृदय आणि रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. देव आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही आणि ठरवायचंही नाही. घाईघाईने माळ ओढली तर काय निसटतं, एवढं मात्र कळतं.

घाई झाली हे ओळखायचं कसं? माळ संपते आणि सुरुवात कधी केली ते आठवत नाही. अशा वेळी लोक संख्या वाढवतात. तो उलटा उपाय आहे. संख्या कमी करा आणि मोठ्याने म्हणा. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानसिक असे तीन प्रकार सांगितले आहेत: ऐकू येईल असा, ओठ हलतील एवढाच, आणि मनातला. मानसिक जप सर्वांत श्रेष्ठ, असं वाचून नवखा माणूस तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच भरकटतो, कारण मनातल्या जपाला धरायला ना जीभ असते ना कान. पहिल्या तीन वेळा तरी आवाज निघू द्या.

मन भटकणार. गीतेच्या सहाव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक तेच धरून चालतो: चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. परत आणणं हीच साधना समजा. दहा वेळा भटकलं आणि दहा वेळा आणलं, तर बैठक चांगली झाली. मात्र काही जणांची धास्ती श्वासाकडे लक्ष दिल्यावर वाढते. त्यांनी श्वास सोडून द्यावा, डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यावेत आणि शब्द मोठ्याने म्हणावेत. धास्ती रोजची असेल तर डॉक्टरांकडे जावं. नामाने उपचार टाळू नयेत.

दिवसभराच्या भानासाठी सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने दिलेली एक युक्ती फार व्यवहारी आहे. आपला एकच दोष निवडायचा. तो घडला की हात छातीला लावायचा. चारचौघांतही कुणाला कळत नाही. दिवसाकाठी दोन रेघा असलेला कागद ठेवायचा, आणि दुपारी व रात्री, किती वेळा घडलं तेवढे ठिपके त्या त्या रेघेवर द्यायचे. आज आणि काल, हा आठवडा आणि मागचा, एवढीच तुलना. लोक चुकतात ते एकदम पाच दोष घेऊन. मग छातीला लावलेला हात कशासाठी होता, तेच रात्री सांगता येत नाही.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: "चुकलेले दिवस भरून काढायचे का?" नाही. थकबाकी ठेवली की तीन दिवसांत ती डोंगराएवढी होते, आणि देवासमोर बसायच्या आधीच माणूस कर्जदारासारखा तोंड चुकवू लागतो. आज आजचं करायचं. दुसरी चिठ्ठी: "परगावी गेलं की मोडतं." साहजिक आहे, कारण तिथे ब्रशचा तो पेला नाही आणि घराची ती चौकटही नाही. म्हणून एक खूण अशी निवडा जी शरीराबरोबर फिरते; हात धुऊन पुसले की, किंवा उशीला डोकं टेकलं की. तिसरी: "वाढवायचं कधी?" न आठवता आपसूक होऊ लागलं की, आणि तेव्हाही एकाच जागी. सकाळचे तीन श्वास पाच करा, रात्रीचे तीनच राहू द्या. पंधरा दिवसांत ओढाताण वाटली तर पुन्हा तीनवर या.