कानाने खेळायचा खेळ : 'रिदम तेन्गोकु'

(दृश्य : काळा पडदा, फक्त ताल. चार ठोक्यांनंतर कराटेवाला.)

कुंडी हवेतून येते आहे. ठोसा कधी मारायचा? डोळे म्हणतात, जवळ आली की. डोळ्यांचं ऐकलं की ठोसा चुकतो.

आता नुसतं ऐका. कुंडी फेकली जाते तेव्हा एक आवाज होतो. ठोसा त्याच्या पुढच्या ठोक्यावर पडला पाहिजे. मधलं अंतर गाण्याच्या लयीने आधीच ठरवलेलं आहे. कुंडीच्या जागी दगड येईल, बल्ब येईल, फुटबॉल येईल. वस्तू बदलते, अंतर तेच राहतं.

(दृश्य : कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली छोटी डबी, खाचेत बसतं, हँडहेल्ड सुरू होतो.)

हा 'रिदम तेन्गोकु'. तेन्गोकु म्हणजे स्वर्ग. ३ ऑगस्ट २००६ रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने हा व्हिडिओ गेम जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या आपल्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर आणला. कल्पना घेऊन निन्टेन्डोकडे गेले होते संगीतकार त्सुंकु, 'मॉर्निंग मुसुमे' या गायिकांच्या समूहाचे निर्माते. त्यांच्या सांगण्यावरून खेळ बनवणारी मंडळी चक्क नृत्याच्या वर्गाला जाऊन बसली. ताल आधी त्यांच्या अंगात उतरावा, मग प्रोग्रॅममध्ये, हा त्यामागचा हेतू.

पडद्याची रुंदी २४० पिक्सेल, उंची १६०. लय शिकवायला एवढा पडदा पुरतो, कारण पडद्यावरून सरकत येणारी चिन्हं इथे नाहीतच. बऱ्याच संगीत-खेळांत चिन्ह रेषेला टेकलं की बटण दाबायचं असतं. तो खेळ आवाज बंद करूनही बराचसा जमतो. 'रिदम तेन्गोकु'चा आवाज बंद करा, तुम्ही पहिल्याच मिनिटाला अडकाल.

(दृश्य : कांद्याचा चेहरा. केस उगवतात. चिमटा.)

हा प्रसंग आम्ही मुद्दाम लांब ठेवला आहे. कांद्याच्या चेहऱ्यावर केस उगवतात ते तालात. टक, टक, टक-टक. हा झाला सवाल. मग चिमटा फिरत येतो आणि तुम्ही त्याच तालात केस उपटायचे, हा जवाब. केस पडद्यावर दिसत असतात, म्हणून नवा खेळाडू चिमट्याच्या टोकाकडे बघत बसतो. तिथेच घात होतो. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. चिमटा केसावर आलेला पाहून बटण दाबलं तर केस अर्धवट तुटतो आणि खुंट मागे राहतो. सवाल चालू असताना तो ओठांनी पुटपुटा, जवाबाच्या वेळी तेच पुन्हा म्हणा, अंगठा आपोआप मागे येतो. कुरळा केस आला तर बटण दाबून धरून तो ओढायचा. हेही कानानेच कळतं, कारण त्याच्या उगवण्याचा आवाज वेगळा आहे.

(दृश्य : टाळ्या वाजवणारे तिघे. जवळून हात.)

तिघे ओळीने उभे आहेत. पहिला टाळी वाजवतो, दुसरा वाजवतो, तिसरे तुम्ही. गंमत अशी की त्यांच्यातलं अंतर दर वेळी बदलतं. कधी संथ, कधी भरभर. पहिल्या दोन टाळ्यांमध्ये जेवढा वेळ गेला तेवढाच पुढे मोजायचा. बहुतेकांची तिसरी टाळी लवकर पडते. संथ अंतरात तर हमखास, कारण रिकामी जागा माणसाला सोसत नाही. उपाय सोपा आहे : पाय हलता ठेवा. एकट्या अंगठ्याला वाट बघणं अवघड जातं, पाय चालू असला की ते अंतर शरीरच मोजतं.

(दृश्य : अंतराळातला फलंदाज. कॅमेरा मागे जातो, आणखी मागे.)

इथे खेळ स्वतःच सिद्ध करतो की डोळ्यांची गरज नाही. चेंडू खालून येतो, फलंदाज टोलवतो. मग कॅमेरा हळूहळू मागे सरकतो आणि शेवटी फलंदाज ठिपक्याएवढा उरतो. लय मात्र जराही बदललेली नसते. कमी उंचीचा चेंडू लवकर पोचतो, उंच उडालेला उशिरा, आणि दोन्हींचा आवाज निराळा. ज्याने आवाज पकडला तो ठिपक्यानेही टोलवतो.

(दृश्य : भिंतीआडचं भूत, बाण, संथ झालेलं चित्र.)

भूत भिंतीआडून डोकावत पुढे सरकतं आणि शेवटच्या टप्प्याला गायब होतं. बाण त्या न दिसणाऱ्या ठोक्यावर सोडायचा. बरोबर लागला की क्षणभर सगळं संथ होतं. हे चित्र पुन्हा दाखवतो आहोत.

(दृश्य : निकालाचा पडदा.)

असे ४८ छोटे खेळ आहेत. अंकांत गुण नाहीत. निकाल तीनच : पुन्हा कर, ठीक, उत्तम. सोबत कुठे जमलं, कुठे बिनसलं याबद्दल एखादी ओळ. उत्तमला पदक मिळतं, पदकं साठली की ड्रमचे धडे आणि इतर खेळणी उघडतात. ड्रमच्या धड्यात हँडहेल्डचं प्रत्येक बटण ड्रमचा वेगळा भाग होतं, आणि तिथे बसलेला हात मुख्य खेळात लगेच जाणवतो. एकाच खेळात पुन्हा पुन्हा अडकलात तर खेळातल्या कॅफेचा मालक पुढे जायला वाट करून देतो. ती घ्यावी, कारण पुढच्या खेळात पक्का झालेला कान मागच्या खेळालाही उपयोगी पडतो.

(दृश्य : बटणावरचा अंगठा, जवळून. मग तारेचे हेडफोन.)

आता वस्तूबद्दल. हा हँडहेल्ड सेकंदाला जवळजवळ ६० चित्रं दाखवतो. १२० च्या लयीत एका मात्रेत ३० चित्रं, अर्ध्या मात्रेत १५, तिसऱ्या हिश्शात १०. एवढ्या बारीक मोजमापात वाटेतला प्रत्येक उशीर टोचतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. दीडशे गेले तर मात्रेचा जवळजवळ तिसरा भाग गेला, आणि खेळाडू स्वतःला बेताल समजून बसतो. म्हणून तारेचे हेडफोन. मूळ गेम बॉय ॲडव्हान्सला आणि त्याच्या मायक्रो या आवृत्तीला हेडफोनची खाच आहे, एसपी या आवृत्तीला नाही, तिथे वेगळा जोड लागतो. निन्टेन्डोच्या पुढच्या हँडहेल्डमध्ये, डीएस आणि डीएस लाइटमध्ये, हे कार्ट्रिज बसतं आणि हेडफोनही लागतो, डीएसआयमध्ये कार्ट्रिजची खाचच काढून टाकलेली आहे. जपानी कार्ट्रिज कोणत्याही देशातल्या गेम बॉय ॲडव्हान्सवर चालतं. टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्राचा उशीर कमी करणारी सोय, आधी चालू करा.

बटण दाबताना अंगठा उंच उचलू नका, टेकलेलाच ठेवा. उंचावरून येणारा अंगठा कधी लवकर पोचतो, कधी उशिरा.

(दृश्य : डीएस उभा, पुस्तकासारखा धरलेला. स्टायलसची, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या काडीची, झटक.)

२००८ मध्ये पुढचा भाग डीएसवर आला, तो यंत्र पुस्तकासारखं उभं धरून स्टायलसने खेळायचा. तिथे झटका द्यावा लागतो : टोक पडद्यावरून घसरत वेगात सुटलं पाहिजे. हळू उचललं तर यंत्राला झटका कळत नाही. भाग चांगला आहे, पण बटणाचा नेमकेपणा त्याला नाही. नंतरचे भाग निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रांवर : २०११ मध्ये वी, २०१५ मध्ये थ्रीडीएस, आणि स्विचसाठीच्या नव्या भागाची घोषणा मार्च २०२५ मध्ये.

मूळ खेळ आला तेव्हा दुकानांत डीएस होता आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. जपानबाहेर हे कार्ट्रिज कधी विकायला आलंच नाही.

(दृश्य : रीमिक्स सुरू.)

प्रत्येक गटाच्या शेवटी रीमिक्स असतं. एकच सलग गाणं, आणि आधी शिकलेले खेळ त्यात न सांगता बदलत जातात. कराटे, कांदा, टाळ्या, भूत. पडदा बदलला की मेंदू अर्धा क्षण गोंधळतो. म्हणून खेळ कोणता आहे हे ओळखत बसू नका, पायातला ठोका सोडू नका. इथून गाणं संपेपर्यंत निवेदन नाही. हेडफोन लावा.

(दृश्य : रीमिक्स, पूर्ण, मूळ आवाजासह.)